ब्लायबराचं चर्च बघाच, पण स्टेशनवरून चालत जाऊ नका

पूर्व इंग्लंडमधल्या हेल्सवर्थ स्टेशनला उतरलं की ब्लायबरा गावचं चर्च जवळच आहे, असं मला दोघांनी सांगितलं होतं. दोघंही कारने गेलेले! सफक परगण्यातल्या या स्टेशनपासून ब्लायबराचं होली ट्रिनिटी चर्च रस्त्याने सुमारे 8 किलोमीटर आहे. गड चढायची सवय असलेल्याला हे अंतर काहीच नाही. त्रास आहे तो रस्त्याचा. वस्ती संपली की फूटपाथही संपतो. पुढे अरुंद डांबरी रस्ता, दोन्हीकडे झुडपांचं दाट कुंपण, आणि वळणावर गाडी दिसण्याआधी तिचा आवाज येतो. कडेला हातभर ओलं गवत, त्याखाली पाण्याचा चर. प्रत्येक गाडीला अंग चोरून झुडपात शिरायचं. त्यात पाऊस आला. त्या तासा-दीड तासात मी आजूबाजूचं काहीही पाहिलं नाही, फक्त पुढचं वळण पाहत होतो. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर हा विचारच करू नका. नाइलाजाने चालावंच लागलं तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या कडेने चाला आणि अंगावर चमकणारं जाकीट असू द्या.

परतताना टॅक्सी बोलावली. चालकाने रिकामं येण्याचेही पैसे लावले, तेही गाडी दारात उभी राहिल्यावर सांगून. मला ही सरळ लूट वाटली. म्हणून जाण्यायेण्याचं भाडं स्टेशनवरच ठरवून घ्या. बसचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघा, रविवारी बसच्या भरवशावर अजिबात निघू नका.

एवढं सोसूनही सांगतो, या प्रवासातलं सर्वांत सुंदर छत इथेच पाहिलं. पाणथळ जागेच्या काठावर पंधराव्या शतकातलं हे अवाढव्य चर्च उभं आहे, आणि शेजारचं गाव अगदी चिमुकलं. आत रंगीत काचा जवळजवळ नाहीत, त्यामुळे पांढरा उजेड थेट लाकडी छतापर्यंत जातो. तिथे पंख पसरलेले देवदूत पाठीला पाठ लावून बसवलेत. दुर्बीण न्याच, नुसत्या डोळ्यांना त्यांचे चेहरे कळत नाहीत. 1644 मध्ये विल्यम डाउसिंग मूर्तिभंजनाची मोहीम घेऊन इथे आला होता. छतातले छऱ्यांचे व्रण त्याच्याच माणसांचे, असं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. पण दुरुस्तीत सापडलेले छरे अठराव्या शतकातले निघाले. आत शिरलेले कावळ्याच्या जातीचे पक्षी मारायला बंदुका झाडल्या होत्या, त्याचे हे व्रण. उत्तरेकडच्या दारावरचे काळे डाग मात्र चुकवू नका. 1577 च्या वादळात मनोऱ्यावरचं टोकदार शिखर छतावर कोसळलं आणि माणसं मेली, तेव्हा आलेल्या सैतानी काळ्या कुत्र्याच्या पंजाच्या या खुणा, असं इथले लोक सांगतात. बाकांच्या टोकांवर सात महापापं कोरलेली आहेत. घाई करू नका, निदान तासभर द्या.

पुढे नॉरिच शहरातला दिवस आरामात गेला. कॅथेड्रलमध्ये प्रवेश मोफत आहे, मठाच्या ओवऱ्यांच्या छतावरच्या कोरीव गाठी मान वर करून बघा. बस.

नॉरिचहून ईलीला थेट गाडी आहे. ईलीच्या कॅथेड्रलला तिकीट आहे, मनोऱ्यांवर जाणाऱ्या दोन सहलींचे पैसे वेगळे. दोन्हींपैकी एकच करा, आणि ती मधल्या अष्टकोनी मनोऱ्याची. 1322 मध्ये मधला मनोरा ढासळल्यावर तिथे दगडी मनोरा पुन्हा न उभारता ओकच्या प्रचंड खांबांवर लाकडी कंदील (उजेड आत सोडणारा खिडक्यांचा उंच घुमट) उचलून धरला आहे. वर गेल्यावर देवदूत रंगवलेली फळकुटं उघडतात आणि खाली पूर्ण चर्च दिसतं. पश्चिम मनोऱ्याच्या 288 पायऱ्या आहेत, वरून दिसतो तो सपाट मुलूख. माझे पाय आधीच भरून आले होते, त्यामुळे माझं मत कठोर असेल, पण सोडा तो. लेडी चॅपलमध्ये, म्हणजे मेरीमातेच्या प्रार्थनागृहात, मात्र जा. भिंतीवरच्या बहुतेक मूर्तींची डोकी सोळाव्या शतकातल्या ख्रिस्ती धर्मसुधारणेच्या काळात फोडलेली आहेत, आणि ती तशीच ठेवली आहेत.

तिकीट परवडत नसेल तर संध्याकाळच्या गायन-प्रार्थनेला जा. तिला पैसे लागत नाहीत. मात्र फोटो काढायचे नाहीत आणि मध्येच उठायचं नाही.