फक्त आयडलला मिसिंग, पळताना काही नाही – माझा अनुभव

गाडी आयडलला, म्हणजे इंजिन चालू पण गाडी उभी असली की थरथरायची, एवढीच तक्रार होती. पळताना पिकअप नेहमीसारखा, चढही आरामात चढायची, पण सिग्नलला थांबलो की सीटखालून दर दोन-तीन सेकंदांनी एक धक्का, आरपीएमचा काटा ७५० वरून ६०० पर्यंत घसरून परत वर, आणि सायलेन्सरमागे उभं राहिलं की मधूनच एक ठोका चुकल्यासारखा आवाज (सिलेंडर असा मधूनच पेटायचा राहतो, त्यालाच मिसिंग म्हणतात). सकाळी थंड इंजिनवर सगळ्यात जास्त, गरम झाल्यावर थोडं कमी. गाडी १७ वर्षं जुनी, पेट्रोल, चार सिलेंडर, दीड लाख किलोमीटरच्या वर पळालेली, पण घरात सगळ्यांचा तिच्यावर जीव आहे त्यामुळे विकायचा विषयच नव्हता.

आधी गॅरेजला दाखवली. चारही प्लग नवीन टाकले, फरक शून्य. मग कॉइल (प्लगला ठिणगीसाठी करंट देते ती) बदलून बघू, नाहीतर इंजेक्टर (पेट्रोल फवारतो तो) बदलू असं सुरू झालं तेव्हा मी गाडी घरी आणली. कोणी फसवत होतं असं मला वाटत नाही, मिसिंग म्हटलं की बहुतेक वेळा प्लग किंवा कॉइलच निघते हे खरंय, पण न तपासता एकेक पार्ट बदलत जाणं मला पटेना.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला तर कोड पी ०३०३. यातला शेवटचा आकडा म्हणजे सिलेंडरचा नंबर, म्हणजे तिसरा. पी ०३०० आला असता तर कुठलाही एक सिलेंडर नक्की नाही असा अर्थ, तेव्हा शोध आणखी अवघड. मग सगळ्यात सोपी आणि फुकटची टेस्ट केली, तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर, कोड क्लिअर केला, दहा मिनिटं आयडलला ठेवली. कॉइल खराब असती तर कोड पी ०३०१ झाला असता, पण परत ०३०३च. तिसऱ्याचा प्लगही शेजारच्या सिलेंडरशी अदलाबदल केला तरी तेच. प्लग काढले तेव्हा एक गोष्ट दिसली होती, बाकी तिघांची चिनीमाती फिकट तपकिरी आणि तिसऱ्याची पांढरीफट्ट. तेव्हा मी फोटो काढून ठेवला आणि पुढे गेलो.

इंजेक्टर लगेच तपासून झाले. लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून कान लावला, चौघांची टिकटिक सारखी, मीटरवर चारही १४ ओहमच्या आसपास. चालू इंजिनवर एकेकाचा कनेक्टर काढला तर १, २, ४ ला इंजिन लगेच खाली बसायचं, ३ ला जेमतेम फरक. म्हणजे आयडलला तिसरा सिलेंडर जवळजवळ कामच करत नव्हता हे नक्की झालं.

यानंतर मला खरी भीती होती ती कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलेंडरमध्ये पुरेसा दाब तयार होतोय की नाही याची, कारण व्हॉल्व्ह जळालेला निघाला तर हेड उघडावं लागणार. इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, पंपाचा फ्यूज काढून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सहा-सात फेरे क्रँक केलं, आकडे आले १७०, १६८, १६५, १७० पीएसआय. चौघांत एवढाच फरक असेल तर काळजीचं कारण नाही. त्या दिवशी फार हायसं वाटलं.

पण मग बिघडलंय काय? स्पार्क आहे, पेट्रोल येतंय, कॉम्प्रेशन आहे, तरी सिलेंडर पेटत नाही, आणि ते फक्त आयडलला. दोन दिवस या 'फक्त आयडलला' वरच डोकं चालवलं आणि स्कॅनरवर फ्यूएल ट्रिम उघडली. ट्रिम म्हणजे कॉम्प्युटर ठरलेल्या पेट्रोलपेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी सोडतोय तो आकडा, शॉर्ट आणि लाँग दोन्हींची बेरीज बघायची. आयडलला बेरीज निघाली +२१. आरपीएम २५०० वर धरून ठेवले, आकडा हळूहळू उतरत +४ वर आला.

माझ्यासाठी उत्तर तिथेच मिळालं. इंजिन कुठूनतरी न मोजलेली हवा ओढत होतं. आयडलला थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, जवळजवळ बंद असतो, आत व्हॅक्यूम जबरदस्त, आणि इंजिनाला लागणारी एकूण हवाच कमी, त्यामुळे बारीक फटीतून आलेली हवासुद्धा मिश्रण बिघडवते. रेस दिली की एकूण हवा इतकी वाढते की ती गळती त्यात हरवून जाते. पेट्रोलच कमी पडत असतं, म्हणजे फिल्टर चोक किंवा पंप कमजोर, तर रेस दिल्यावर आकडा आणखी वाढला असता. माझ्या गाडीत आत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर आहे म्हणून हे इतकं स्वच्छ दिसलं, जिथे फक्त मॅनिफोल्डमधला (सिलेंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळकांड्यातला) प्रेशर सेन्सर असतो तिथे ट्रिम असं स्पष्ट बोलेलच असं नाही. आणि तो पांढरा प्लग! कमी पेट्रोल, जास्त हवा, तेच तो आधीपासून सांगत होता.

आता फट शोधायची. ब्रेक बूस्टरचा पाइप दाबून धरला, फरक नाही. पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनातली वाफ परत आत ओढणारा पाइपही तसाच. पण विचार केला तर हे दोन्ही चारही सिलेंडरला सारखे लागतात, माझा त्रास एकट्या तिसऱ्याचा, म्हणजे गळती तिसऱ्याच्या तोंडाशीच हवी. कार्ब क्लीनर मॅनिफोल्डच्या जोडावर वरून मारला, काही नाही. खालची बाजू फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधली भिंत), तिथे हातच जात नाही, म्हणून स्प्रेच्या नळीला बारीक लांब नळी जोडली, आरसा आणि टॉर्च घेतली आणि खालून अगदी थोडा सोडला. दुसऱ्या सेकंदाला इंजिन एकदम गुळगुळीत चालायला लागलं, आरपीएम वर गेले, स्प्रे उडून गेला की परत धक्के. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तेच. (हा स्प्रे पेट घेतो, त्यामुळे तापलेल्या एक्झॉस्टपासून लांब, फवारा कमी आणि अग्निशामक शेजारी ठेवूनच करा, शक्य असेल तर धूर सोडून करतात ती स्मोक टेस्ट जास्त सुरक्षित.)

मॅनिफोल्ड काढायला अख्खा दिवस गेला. प्लास्टिकचा मॅनिफोल्ड, रबरी पॅकिंग, आणि ते रबर उष्णतेने कडक होऊन चपटं झालेलं, तिसऱ्या पोर्टच्या खालच्या बाजूला तर बारीक चीरच. थंड असताना जास्त त्रास का व्हायचा तेही कळलं, कडक रबर गरम झालं की थोडंफार फुगून बसायचं. मॅनिफोल्डचं तोंड वाकलं नाही ना हे सरळ पट्टी आणि फीलर गेजने बघून घेतलं, जागा साफ केली, नवीन पॅकिंग टाकलं आणि बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन फेऱ्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळले.

स्टार्ट केल्यावर काटा ७५० वर जो बसला तो हललाच नाही. आठवड्याभराने आयडलची ट्रिम +३ होती, कोड परत आलेला नाही. हजार किलोमीटर झाल्यावर मुद्दाम तिसरा प्लग काढून बघितला, तोही आता बाकीच्यांसारखाच फिकट तपकिरी आहे.