मामाची बाग सोडून

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. लग्नाकार्यात, भिशीत, ऑफिसात डबा उघडल्यावर, सगळीकडे तोच प्रश्न येतो: "पदरचे पैसे भरून आफ्रिकेत भिंती बांधायला कशाला गेलीस? तुझ्या मामाच्या बागेत हत्ती शिरत होते, ते नाही दिसले?"

आधी पैशांचं सांगते. 2019 च्या सप्टेंबरात मी नामिबियाच्या वायव्य भागात, ब्रांडबर्ग डोंगराच्या आसपास दोन आठवडे स्वयंसेवक म्हणून होते. एक आठवडा हत्तींपासून पाण्याची टाकी वाचवणारी भिंत बांधायची, दुसरा हत्तींच्या मागावर. फी आणि विमानाचं तिकीट मिळून वर्षभराची शिल्लक गेली. ती भिंत तिथल्या चार गवंड्यांनी आम्हा दहा जणांपेक्षा लवकर आणि सरळ बांधली असती, हे मला पहिल्याच दुपारी कळलं. पण सिमेंट, डिझेल आणि सोबतच्या स्थानिक गवंड्याचा पगार आमच्याच फीमधून निघत होता. आम्ही गेलो नसतो तर ते पैसे तिथे पोचलेच नसते. हे मी दरवेळी ठासून सांगते. मग घरी येऊन स्वतःला विचारते, नुसते पैसे का नाही पाठवलेस? कारण मला जायचं होतं. उघड्यावर झोपायचं होतं, पहाटे बुटातला विंचू झटकून शेकोटीवर चहा ठेवायचा होता. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

"तिथे मोकळी जमीन चिकार, हत्तींना काय तोटा," असंही ऐकवतात. जमीन आहेच. महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा देश आणि माणसं सगळी मिळून तीस लाखांच्या आसपास, म्हणजे पुणे शहरापेक्षा कमी. पण त्या भागात पाणी नाही. नद्या वर्षातले मोजके दिवस वाहतात, एरवी नुसती वाळू. पाणी असतं ते बोअरवर, आणि बोअर असते कुणाच्या तरी शेळ्यामेंढ्यांच्या वाड्यावर. स्वातंत्र्ययुद्धाच्या आणि चोरट्या शिकारीच्या काळात त्या पट्ट्यातून हत्ती नाहीसे झाले होते. 1990 मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर पुढच्या काही वर्षांत ते उगाब नदीच्या पात्रात परतले. तोवर तिथे हत्तींची सवय नसलेली कुटुंबं नांदत होती. एक हत्ती एका वेळी शंभर-दीडशे लिटर पाणी सहज पितो. पाण्याचा वास आला की सोंडेने पाईप उपटतो, प्लॅस्टिकची टाकी फोडतो. मी गेले त्या वर्षी तर दुष्काळ इतका होता की मे महिन्यात सरकारने आणीबाणी जाहीर केली होती. उपाय साधा आहे. टाकी आणि पंप यांच्याभोवती पुरुषभर उंच, हातभर जाड दगडी भिंत घालायची, आणि हत्तींसाठी बाहेर वेगळं टाकं ठेवायचं. हत्तीला उडी मारता येत नाही.

आता भिंतीच्या पहिल्या दिवसाचं.

वाडा दामारा जमातीच्या एका आजीचा होता. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, काट्यांच्या कुंपणात शेळ्या. आम्ही पोचलो तेव्हा टाकी उभी चिरलेली होती, पंपाचा पाईप वाकून जमिनीबाहेर आलेला. अकरा दिवस आजी शेजारच्या वाड्यावरून गाढवाच्या गाडीने पाणी आणत होती, आणि तो शेजार दोन तासांवर. हे सगळं वाटेत आम्हाला सांगितलेलं होतं. तरी गाडीतून उतरल्या उतरल्या मला दिसलं ते पाऊल. सांडलेल्या पाण्याने जमीन ओली झाली होती, त्यात उमटून वाळलेलं. परातीएवढं गोल, आणि त्यात तळव्याच्या भेगांची जाळी, एकेक रेघ मोजता यावी इतकी स्पष्ट. मी गुडघ्यांवर बसले, त्यात तळहात ठेवला आणि इतरांना ओरडून म्हटलं, "या, बघा केवढा आहे!" सगळे धावले. फोन बाहेर आले. आम्ही हसत होतो.

मान वर केली तर आजी समोर उभी. हातात रिकामा कॅन. ती आमच्या वाटाड्याशी तिच्या भाषेत काहीतरी बोलली. काय म्हणाली, मी विचारलं. तो म्हणाला, "भिंत आज सुरू होणार की उद्या, असं विचारतेय."

बाकी काही नाही. चेहऱ्यावर रागही नव्हता.

दुपारभर मी दगड वाहिले, पण डोक्यात पोफळीची बाग होती. कर्नाटकातले हत्ती 2002 च्या सुमारास सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, मामाच्या भागात उतरले, तेव्हापासून मामाची झोप उडालेली. 2007 मध्ये मी गेले होते. आदल्या रात्रीच केळीची अख्खी रांग आणि सात पोफळी आडव्या झाल्या होत्या. मामा मधोमध उभा होता. पंचनामा व्हायचा म्हणून काही हलवायचं नव्हतं. माझ्याकडे नवा डिजिटल कॅमेरा. मी म्हटलं, "मामा, जरा बाजूला हो ना, पावलावर सावली पडतेय." तो म्हणाला, "हां, बाजूक रवतंय. काढ." आणि खरंच बाजूला झाला. स्वतःच्या बागेत.

तो फोटो मी फ्रेम करून पुण्याच्या घरात लावला होता. मामाने तो पाहिला, काही बोलला नाही. 2016 मध्ये तो गेला. हत्तींचा विषय त्याने माझ्यापाशी पुन्हा काढला नाही, आणि हे माझ्या ध्यानात आलं ते हजारो किलोमीटरवर, दगड उचलताना.

तेव्हाची मी म्हणेल, मी काय चुकीचं केलं? मला हत्ती आवडत होते, कुणी पुस्तकात बघतं, मी पावलात बघितले. यावर माझ्याकडे आजही नीट उत्तर नाही. मला हत्ती अजूनही तितकेच आवडतात. दुसऱ्या आठवड्यात एक हत्तीण कोरड्या पात्रात पायाने वाळू उकरून पाणी काढत होती, पिल्लू तिच्या पोटाखाली उभं होतं, आणि मी रडले. त्याचं मला वाईट वाटत नाही.

2024 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या सरकारने दुष्काळात लोकांना मांस देण्यासाठी 723 जनावरं मारायचं ठरवलं, त्यांत 83 हत्ती होते. ती बातमी मला नऊ जणांनी पाठवली. "बघ, तुझे हत्ती." मला त्या रात्री जेवण गेलं नाही. पण निषेधाच्या पत्रावर सही करायला घेतली की हातात कॅन धरलेली आजी दिसायची. सही केली नाही. न केल्याचंही समाधान नाही.

आणि तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग: मग ती भिंत इथे का नाही बांधत? मामेभावानेही हेच विचारलं होतं. आम्ही दोघांनी मिळून बागेला फेरी मारली. इथे तिलारी नदीच्या खोऱ्यात पाणी पावलापावलावर आहे. हत्ती इथे येतात ते केळीला, माडाला, फणसाला. अख्ख्या बागेला पुरुषभर दगडी भिंत कोण घालणार, आणि घातली तर ते शेजारच्याच्या बागेत जाणार. तिथे शिकलेलं इथे उपयोगाचं नाही. दोन आठवडे आणि वर्षभराची शिल्लक घालवून मी जे शिकले, ते मामाच्या कामाचं नव्हतं.

फोटो मी आल्या आल्या भिंतीवरून काढला. खिळा तसाच आहे.

परवा मामेभावाचा फोन आला. हत्ती पुन्हा आलेत, रात्री दोघं दोघं मिळून जागतात. मी म्हटलं, मे महिन्यात रजा काढून पंधरा दिवस येते, काय आणू? तो म्हणाला, "चांगले दोन टॉर्च घेऊन ये. आमचा एक बंद पडलाय."