काळ्या काचेवरची हिरवी रेघ

2024 ची कोजागिरी, म्हणजे 16 ऑक्टोबर. गच्चीवर दूध आटत होतं आणि फोनवर पुन्हा तोच निरोप आला: नवीन सॉफ्टवेअर तयार आहे, इन्स्टॉल करा. आठवडाभर मी ‘नंतर’ दाबून टाळत होतो. त्या रात्री म्हटलं, दूध आटेपर्यंत होऊन जाईल. फोन चार्जरला लावला, अपडेट मारलं आणि वर गेलो. को जागर्ति असं विचारत लक्ष्मी फिरते म्हणतात. आमच्या घरी खाली एकटा फोनच जागा होता. साडेअकराला येऊन बघतो तर पाठ चांगलीच तापलेली आणि पडद्यावर ‘अपडेट पूर्ण झालं’.

सकाळी गजर बंद करायला उचलला तर डाव्या अंगाला, वरपासून खालपर्यंत, एक हिरवी रेघ. केसाएवढी बारीक, पण पट्टीने आखल्यासारखी सरळ. आधी वाटलं चष्म्यावर काही आलंय. गंजीच्या टोकाने चष्मा पुसला, मग काच पुसली. रेघ जागची हलली नाही.

मुलगी पुण्याला असते. तिने फोनवरून रीस्टार्ट करायला लावलं, सेफ मोड करायला लावलं. मग म्हणाली, "बाबा, स्क्रीनशॉट पाठवा बरं." पाठवला. तिकडून उत्तर, "कुठंय रेघ?" खरंच, स्क्रीनशॉट स्वच्छ होता! शेवटी हिच्या फोनवरून माझ्या फोनचा फोटो काढून पाठवला तेव्हा कुठे तिला दिसली.

ही स्क्रीनशॉटची गोष्ट तेव्हा गंमत वाटली, पुढे तीच माझ्या अंगावर आली. फोन जे चित्र बनवतो ते स्क्रीनशॉटमध्ये उतरतं. काच जे दाखवते ते नाही. म्हणजे रेघ स्क्रीनशॉटमध्ये नसेल तर बिघाड पॅनेलमध्ये, खुद्द पडद्याच्या भागात. अ‍ॅमोलेड पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतःच्या उजेडाने पेटतो. त्यातली एक उभी ओळ ताब्यातून सुटली की ती एकाच रंगात पेटून राहते. फॅक्टरी रीसेट मारा, जुनं सॉफ्टवेअर परत घाला, फरक पडत नाही.

सातारला सर्व्हिस सेंटर आहे. शुक्रवारी टोकन घेऊन बसलो. काउंटरवरचा मुलगा असेल पंचविशीचा. अदबीने बोलणारा, त्यामुळे भांडायची सोयच नव्हती. त्याने सिमचा ट्रे काढून आत टॉर्च मारला. आत एक बारकी पांढरी पट्टी असते. पाणी लागलं की ती लाल होते. माझी पांढरीच होती. कडा बघितल्या, कॅमेऱ्याची काच बघितली, मग त्यानेही स्क्रीनशॉट काढला.

"काका, हा सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेमच नाही. डिस्प्ले गेलाय. वॉरंटी एक वर्षाची होती, ती मागच्या वर्षीच संपली."

"आणि खर्च?"

"10,000 डिस्प्ले, त्यावर 18 टक्के जीएसटी. 11,800."

फोन घेतला होता धनत्रयोदशीला, 2022 मध्ये, 27,999 ला. त्याला दोन वर्षंही पुरी व्हायची होती. मी विचारलं, परवा रात्री अपडेट मारलं आणि काल सकाळी रेघ, याचा काहीच संबंध नाही? तो आवाज खाली करून म्हणाला, "अशा केसेस येतात काका. अपडेटच्या वेळी फोन तापतो, पॅनेलची पट्टी जिथं चिकटवलेली असते तिथं सुटते, असं आमच्यात म्हणतात. पण मला तसं लिहून देता येत नाही."

आता माझ्याबद्दल थोडं. मी जिल्हा परिषदेत 32 वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी बारनिशीला. आवक, जावक, पोच, शिक्का. तिथे माणूस एक गोष्ट शिकतो: तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं, कागदावरचा शेरा राहतो. या पोराने तोंडी जे सांगितलं त्याची किंमत शून्य होती. मला जॉबशीट, म्हणजे सेंटरने तक्रार आणि तपासणी नोंदवून द्यायचा कागद, हवी होती, आणि तीवर माझे शब्द हवे होते.

त्याने काढलेल्या जॉबशीटवर तक्रारीच्या रकान्यात ‘डिस्प्ले इश्यू’ एवढंच. म्हटलं, हे नको. ‘16 तारखेला रात्री कंपनीचं अपडेट इन्स्टॉल, 17 ला सकाळी हिरवी रेघ’ असं लिहा.

"सिस्टीमला ड्रॉपडाऊन आहे काका. त्यातनंच निवडायला लागतं."

"खाली रिमार्कची चौकट दिसतेय ती कशाला आहे?"

तो हसला. चौकटीत टाईप केलं. मग मी म्हटलं, आता तुम्ही काय तपासलं तेही लिहा: पडल्याची खूण नाही, पाण्याची पट्टी पांढरी. यावर तो जरा थांबला, आत मॅनेजरकडे जाऊन आला. पंधरा मिनिटं गेली. पण लिहून मिळालं, सही-शिक्क्यासह. माझ्या मते अर्धं काम तिथेच झालं. ‘फिजिकल डॅमेज’ असा शेरा एकदा पडला असता तर पुढे कितीही अर्ज केले तरी तो पुसला गेला नसता.

दुरुस्तीला नकार देऊन फोन घरी आणला आणि सर्वात आधी त्यातलं सगळं बाहेर काढलं. कारण रेघा वाढतात. आठ दिवसांत एकीच्या तीन झाल्या, तिसरी तर गुलाबी. फोटो कॉम्प्युटरवाल्याकडे जाऊन केबलने उतरवले, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घेतला, नंबर गूगल खात्यात आहेत ना बघितलं. दूध-पेपरचा हिशेब मात्र फोनच्या वहीत होता, त्याची आठवण फोन जमा केल्यावर आली. तो गेला तो गेलाच.

शनिवारी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. त्यांचा पत्ता वेबसाईटच्या अगदी तळाला, मुंगीच्या अक्षरात असतो. मुलीने लिहिलेला मसुदा मी खोडला. त्यात राग होता, मागणी नव्हती. माझा मसुदा कार्यालयीन: विषय, संदर्भ जॉबशीट क्रमांक, वस्तुस्थिती चार ओळीत, मागणी एका ओळीत. आणि सॉफ्टवेअर की हार्डवेअर या वादात मी पडलोच नाही. तुमचाच माणूस म्हणतो बिघाड पॅनेलमध्ये आहे. फोन पडलेला नाही, भिजलेला नाही, हेही तुमचाच माणूस लिहून देतो. मग पॅनेल बनवलं कोणी? ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये ‘दोष’ या शब्दाची व्याख्या आहे, कलम 2(10), ती वाचून बघितली तर वॉरंटीच्या तारखेचा त्यात उल्लेखही नाही. तेवढं कलम टाकलं. सोबत बिल, जॉबशीट, हिच्या फोनवरून काढलेला फोटो. स्क्रीनशॉट जोडला नाही, तेवढी अक्कल आली होती.

तीन दिवसांनी उत्तर आलं. आपल्या गैरसोयीबद्दल खेद आहे वगैरे, आणि सद्भावना म्हणून नवीन फोनवर 3,000 रुपयांचं कूपन. म्हणजे यांचा बिघडला म्हणून मी यांचाच आणखी एक विकत घ्यायचा. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो.

24 तारखेला 1915 लावला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन. मराठीत बोलता येतं. बाईंनी शांतपणे सगळं लिहून घेतलं आणि डॉकेट नंबरचा मेसेज आला. हे कोर्ट नव्हे. ते कंपनीला हुकूम सोडत नाहीत, तक्रार त्यांच्यापुढे सरकवतात आणि उत्तर मागवतात. पण सर्व्हिस सेंटरचा काउंटर आणि हेल्पलाईनची तक्रार, कंपनीत या दोन वेगळ्या टेबलांवर जातात असा माझा अंदाज. टेबल बदललं की फाईल हलते, हे मी आयुष्यभर बघितलंय.

ते नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग होताच. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, वकील लागतोच असं नाही, आणि 2019 च्या कायद्यापासून ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस बंगळुरूला असो की नोएडाला. मुदत दोन वर्षांची. ऑनलाईन तक्रारीसाठी तेव्हा ई-दाखिल पोर्टल होतं, आता 2025 पासून ई-जागृती आहे. मी अर्ज तयार करून ठेवला होता. हेल्पलाईनच्या तक्रारीत ‘15 दिवसांत निकाल न लागल्यास आयोगाकडे जाईन’ एवढं लिहिलं आणि दिवाळी करायला बसलो.

भाऊबीज झाल्यावर गुरुवारी, 7 नोव्हेंबरला फोन आला. कंपनीच्या बाई हिंदीत बोलत होत्या. ‘एक बार के लिए’ डिस्प्ले फुकट बदलून देऊ. मी म्हटलं, ईमेलवर द्या. संध्याकाळी ईमेल आला. शनिवारी फोन जमा केला आणि कपाटातला जुना बटणांचा फोन काढून त्यात सिम टाकलं. ओटीपी त्याच्यावर येतो, तेवढं बरं. हयातीचा दाखला मात्र बँकेत समक्ष जाऊन, सही करून. ज्या फोनला चेहरा दाखवून घरूनच दाखला काढायचा, तो काउंटरपलीकडे पडला होता.

मग वाट बघणं. आधी पार्ट मागवलाय. मग पार्ट निघालाय. 20 तारखेला विधानसभेचं मतदान, सेंटर बंद. 25 ला गेलो तर पार्ट आलाय पण दुसऱ्या मॉडेलचा. मुलगा ओशाळला होता. त्याचा काय दोष! प्रत्येक फेरीला मी त्याच जॉबशीटच्या मागे तारीख आणि काय सांगितलं ते लिहायचो, आणि त्याची सही घ्यायचो. तिसऱ्या सहीच्या वेळी तो म्हणाला, "काका, हे मी वर पाठवू का फोटो काढून?" म्हटलं, अवश्य पाठवा.

तीन दिवसांनी तोच बाईंचा आवाज. या मॉडेलचा डिस्प्ले उपलब्ध नाही, हँडसेट बदलून देतो. माझे दोन प्रश्न: नवा की दुरुस्त केलेला, आणि वॉरंटी किती? नवा, सीलबंद, त्याच किमतीतला पुढचा मॉडेल, वॉरंटी एक वर्ष. हेही ईमेलवर.

6 डिसेंबरला आम्ही दोघं गेलो. खोका माझ्यासमोर फोडला. मुलाने पत्र पुढे केलं: जुना हँडसेट परत घेतला, बदली हा दिला, खाली नव्याचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक. सही करायच्या आधी मी फोनवर *#06# दाबलं, त्याने तो क्रमांक दिसतो, आणि पडद्यावरचे 15 आकडे हिला एकेक वाचून दाखवायला लागलो. ती पत्रावर बोट ठेवून जुळवत होती. अकराव्या आकड्याला तिचं बोट थांबलं. फोनवर 47, पत्रात 74.

"काका, टायपिंग मिस्टेक आहे, चालून जातंय."

"बिल जुन्या फोनचं आहे. हा फोन माझा आहे एवढं सांगणारा कागद जगात एकच आहे, हा."

त्याने प्रिंटर पुन्हा चालू केला. कागद अडकला, निघाला, शाई संपत आली होती म्हणून पहिली प्रत फिकी आली. मागे सहा माणसं टोकन घेऊन उभी. ही हळूच म्हणाली, "अहो, पुरे आता." दुसरी प्रत नीट आली. पुन्हा 15 आकडे जुळवले.

फोटो-नंबर सगळं तासाभरात उतरलं. यूपीआय मात्र नव्या फोनवर पुन्हा नोंदवावं लागलं आणि पहिले 24 तास 5,000 च्या वर रक्कम जाईना. विम्याचा हप्ता 7,412 चा होता. तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भरला. पावती फोनवर आली. कॉम्प्युटरवाल्याकडे जाऊन तिची प्रिंट काढली आणि फायलीला लावली.