गव्यांचा नकाशा आणि मधे आलेला ऊस

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी राधानगरी अभयारण्यातल्या गव्यांचा अधिवास उपग्रहाच्या चित्रांवरून आखायचा होता. क्षेत्र ३५१ चौरस किलोमीटर. सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, तपशील १० मीटरचा, दर ५ दिवसांनी नवं चित्र. पण जून ते सप्टेंबर इथं नुसते ढग. सडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरची सपाट खडकाळ पठारं, हिरवेगार होतात तेव्हाच वरून काही दिसत नाही. रडारची चित्रं ढगांतून पार बघतात, पण ती वाचायला शिकण्यातच वर्ष जाईल म्हणून सरांनी सांगितलं, "नाद सोड." मग पावसाळ्यानंतरचा आणि उन्हाळ्याचा असे दोनच हंगाम धरले.

एप्रिलचा एनडीव्हीआय, म्हणजे चित्रातून हिरवाई मोजणारा आकडा, काढला तर गडद हिरवं काय दिसावं? भोगावतीकाठचा ऊस! गवा उसात उतरतो हे खरं, पण तेवढ्यावर ऊस त्याचा अधिवास मानला असता तर निम्मा कोल्हापूर जिल्हा अभयारण्य ठरला असता. पावसाळा सोडून वर्षभराचा आलेख काढल्यावर गुंता सुटला. तोड झाली की उसाचा आकडा धाडकन खाली येतो, सदाहरित जंगलाचा तसा पडत नाही.

गव्यांच्या नोंदी बहुतेक गाडीरस्त्याच्या आणि पाणवठ्यांच्या आसपासच्या; बुद्धपौर्णिमेची गणनाही पाणवठ्यावरच होते. नोंदींच्या जागा बाकीच्या जागांशी ताडून प्राण्याला योग्य जागा कुठं ते सांगणारं संगणकाचं मॉडेल म्हणजे मॅक्सेंट. नोंदी तशाच त्याला दिल्या की गव्याला रस्ता फार आवडतो असं ते ठामपणे सांगतं. म्हणून एका चौरस किलोमीटरमागे एकच नोंद ठेवली आणि तुलनेचे बिंदूही रस्त्यालगतचेच घेतले.

खरी परीक्षा पायी. एका सड्याच्या कडेला वनरक्षक मामांनी काठीनं शेणाचा पो उलटला. वर पापुद्रा, आत ओल, शेणकिडे वळवळत होते.

"सकाळचा हाय."

"म्हशीचा नसेल कशावरून?"

"म्हशीचा असता तर बायकांनी शेणी थापायला कवाच नेला असता."

खुरांचे ठसे बघूनच मी नोंद केली, पण मामांचं म्हणणंही खोडण्यासारखं नव्हतं.

खाली उतारावर, मॉडेलनं उत्तम ठरवलेल्या जागी, झाडांखाली माणसाहून उंच करवी माजलेली. आत गवताची काडी नाही. उपग्रहाला वरचा पाला दिसतो, खालचा चारा नाही, आणि गवा जगतो तो चाऱ्यावर. असे पट्टे मी नकाशावर आडव्या रेषा मारून वेगळे दाखवले आणि सूचीत त्यांच्यापुढे 'योग्य'ऐवजी 'जागेवर तपासावे' असं लिहिलं.