मानेला करंट लावण्याआधी
"मॅडम, फक्त करंट लावून द्या, शनिवारी मॅच आहे." आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे दिवस सुरू झाले की नागपूरच्या धंतोलीतील माझ्या छोट्याशा फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये हे वाक्य वारंवार कानांवर पडते. मागच्या महिन्यात ते एका कबड्डीपटू मुलीने म्हटले. चढाईत पकड झाली तेव्हा तिची मान एका बाजूला ओढली गेली होती, आणि स्कूटी मागे घेताना वळून पाहायचे तर तिला कमरेपासून सगळे अंग वळवावे लागत होते.

करंट म्हणजे टेन्सचे यंत्र, त्वचेवर चिकटवलेल्या पॅडमधून विजेची सौम्य स्पंदने देऊन दुखणे कमी करणारे. मी ते लगेच काढले नाही. आधी तिला माझी बोटे घट्ट दाबायला सांगितली, दंड आणि मनगटाची ताकद पाहिली, हाताला मुंग्या येतात का ते विचारले. मान ओढली गेल्यावर एका हातात वीज चमकल्यासारखी कळ जाणे ही कबड्डी आणि कुस्तीत ओळखीची दुखापत आहे आणि ती खांद्याकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना ताण बसल्याने होते. दोन्ही हात बधिर असतील, चालताना तोल जात असेल किंवा पडल्यानंतर मणक्यावर बोट ठेवताच तीव्र दुखत असेल, तर यंत्राला हात न लावता डॉक्टरांकडेच पाठवावे लागते. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका पैलवान मुलाचे दुखणे यंत्राने कमी झाले, एवढ्यावर समाधान मानून मी त्याला सरावाला जाऊ दिले. दुसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा त्याला उजव्या हाताने पाण्याचा तांब्याही नीट उचलता येत नव्हता. हाताची ताकद मी आदल्या दिवशी तपासलीच नव्हती, याची बोच अजून गेलेली नाही.

यंत्र नेमके काय करते, हे मी प्रत्येक खेळाडूला सांगते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी 1965 मध्ये मांडले की वेदनेचे संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूतील एका दारातून जातात, आणि स्पर्शाच्या जाड तंतूंची वर्दळ वाढली की ते दार बरेचसे लोटले जाते. कोपर आपटल्यावर आपण ते नकळत चोळतो, त्यामागेही हेच आहे. सेकंदाला साधारण 80 ते 100 स्पंदने दिली की त्वचेवर नुसती झिणझिण जाणवते आणि दुखणे मागे सरते. म्हणजे दुखण्याची जाणीव कमी होते, ताणलेला स्नायू त्याने सांधला जात नाही.

पॅड मी मणक्याच्या दोन्ही बाजूंना, केसांच्या रेषेखाली आणि खांद्याच्या वरच्या उतारावर लावते. गळ्याच्या पुढच्या किंवा बाजूच्या भागावर ते कधीही लावू नयेत, कारण तिथल्या धमनीजवळ रक्तदाब सांभाळणारी संवेदनशील जागा आहे आणि स्वरयंत्राचे स्नायूही तिथेच आहेत. हल्ली ही यंत्रे ऑनलाइन सहज मिळतात आणि मुले वसतिगृहाच्या खोलीत आरशात पाहून पॅड चिकटवतात, म्हणून हे इतके आवर्जून लिहिते आहे. पेसमेकर असलेल्या घरातल्या आजोबांना तर तेच यंत्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच लावू नये.

जुनाट मानदुखीवर टेन्स किती उपयोगी पडते, याचा आढावा वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 2019 मध्ये घेतला आणि उपलब्ध पुरावा फारच कमकुवत असल्याचे नोंदवले. तरीही मी हे यंत्र वापरते, कारण दुखणे ओसरलेला तो थोडा वेळ मला व्यायामासाठी हवा असतो. त्या मुलीला वीस मिनिटांनंतर लगेच पाठीवर झोपवले आणि हनुवटी हळूच आत ओढून दहा आकडे मोजेपर्यंत तशीच धरायला लावले. मानेच्या पुढचे खोलवरचे स्नायू यात जागे होतात, आणि तिचे तर चौथ्याच वेळी थरथरायला लागले. नंतर खांद्यामागची पाती मागे खेचण्याचा व्यायाम झाला.

शनिवारी ती खेळली नाही. माझ्यावर चिडली होती, आणि तिचे चिडणे मला समजत होते. वर्षभराचा सराव असा बाकावर बसून पाहणे सोपे नसते. आता ती करंटशिवायच व्यायाम करते. डावीकडे मान पूर्ण वळते, उजवीकडे मात्र हनुवटी खांद्याच्या रेषेपासून अजून दोन बोटे अलीकडेच थांबते.