बुडणारी जास्वंद

सकाळी पाहिलं तर खिडकीतल्या जास्वंदीच्या सगळ्या कळ्या खाली. पानं पिवळी. पाणी कमी पडतंय असं वाटून आठवडाभर मी दिवसातून दोनदा ओतत होते! शेवटी कुंडी उपडी केली. तळाची भोकं चिखलाने गच्च बुजलेली, मुळं तपकिरी, वर कुजका वास. म्हणजे झाड तहानलेलं नव्हतंच, बुडत होतं. सडकी मुळं कापली, मातीत कोकोपीट आणि जाड वाळू मिसळली, भोकांवर खापरीचा तुकडा ठेवला. आता दोन पेरं बोट खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी.

शेजारच्या कुंडीतला ऑफिस टाइम (पोर्टुलाकाचं फुलझाड) मात्र, ज्याच्याकडे मी ढुंकूनही बघत नाही, ऊन येताच दहा फुलं उघडून बसला. लबाड कुठला!