भिंतीच्या अलीकडे ओटा, पलीकडे वाफा

आमच्या घरात रंधा आणि कुदळ दोन्ही आधीपासून होते. बाबा नागपुरात इतवारीतल्या दुकानदारांसाठी दारं-चौकटी करायचे, मी सुतारकाम त्यांच्याकडेच शिकलो. सौ. महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात शिकलेली. लग्नानंतर मी स्वयंपाकघरांची कामं घ्यायला लागलो आणि ती घरोघरच्या बागांची. ऑफिस म्हणजे आमच्याच घरची पुढची खोली. पण कामं वेगळी, वह्या वेगळ्या, माणसंही वेगळी. तीन-चार वर्षं असंच चाललं आणि बरं चाललं.

मग त्रिमूर्तीनगरातलं एक काम आलं. निवृत्त शिक्षिका काकू, जुनं बैठं घर, मागे छान मोकळी जागा. मार्चमध्ये मी त्यांचं स्वयंपाकघर केलं: ग्रॅनाइटचा ओटा, खाली ट्रॉल्या, वर माळ्यापर्यंत कपाटं. त्याच महिन्यात सौ.ने मागे वाफे केले. काकू इतक्या खूश, की त्यांनी शेजारची दोन कामंही मिळवून दिली.

ऑगस्टमध्ये त्यांचा फोन आला, "सिंकखालचं दार लागत नाहीये." जाऊन पाहिलं. प्लाय बोटाने दाबला तर पापुद्रे सुटत होते. मागची फळी काढली आणि भिंतीवर मातीची बारीक, वळणं घेत वर चढलेली रेघ दिसली. वाळवी. मला आधी प्लंबरचाच संशय आला. सिंकच्या पाइपाखाली रात्रभर कोरडा पेपर पसरून ठेवला. सकाळी पेपर जसाच्या तसा, एक थेंब नाही. ओल मात्र भिंतीत होतीच, हात लावला तर गार लागत होती.

आमचे माळीकाका मागच्या बाजूने फिरून आले आणि म्हणाले, "भाऊ, आतून पाहून काय होते? पाणी बाहीरून येऊन राहिलं."

भिंतीला लागूनच अळू आणि मोगऱ्याचा वाफा होता. त्यातली माती जोत्याच्या वर वीतभर चढवलेली, त्यावर रोज सकाळी पाइपाने पाणी. जोत्यातला ओलरोधक थर खाली राहिला आणि ओली माती त्याच्या वरून सरळ विटांना भिडली. वाफा आमचा, ओटाही आमचा. सौ.ला माहीत नव्हतं की त्या भिंतीच्या आत मी लाकूड लावतोय, आणि बाहेर माती चढतेय हे मी कधी पाहिलंच नव्हतं. एकाच घरात राहून आम्ही एकमेकांना हे विचारलं नव्हतं, याचं वाईट आजही वाटतं.

काकूंचं काम आम्ही आमच्या खर्चाने पुन्हा केलं. त्या दिवशी दोन वह्यांची एक वही झाली. तेव्हापासून भिंतीच्या दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय आम्ही अंदाजपत्रक देत नाही. फक्त ओटा करायचा असला तरी मागची जागा बघतो. फक्त कुंड्या ठेवायच्या असल्या तरी आधी स्वयंपाकघरात डोकावतो. सुरुवातीला लोकांना हे विचित्र वाटायचं.

आता भिंतीलगत दीड फूट पट्टा मोकळा सोडतो. त्यावर फरशी, उतार बाहेरच्या बाजूला, आणि वाफा त्याच्या पलीकडे. मातीची पातळी जोत्याच्या खालीच. सिंकखाली लाकूड वापरत नाही. कडप्प्याचे उभे पाट लावतो आणि दार ॲल्युमिनियमचं. बाकी ठिकाणी आयएस 710 चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का असलेला प्लाय, पण नुसत्या शिक्क्यावर आमचे थोरले मिस्त्री विश्वास ठेवत नाहीत. प्रत्येक नव्या मालातला एक तुकडा ते कापतात आणि पातेल्यात दिवसभर उकळत ठेवतात. संध्याकाळी कडेला पटाशी घालून थर सुटतात का पाहायचं. सुटले तर माल परत. यावरून एका दुकानदाराशी आमचं बोलणंच बंद झालं, तरी पातेलं बंद झालेलं नाही.

नागपूरची काळी माती हा वेगळाच विषय. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. एप्रिलमध्ये मोकळ्या प्लॉटवर हाताचं बोट सहज जाईल अशा भेगा पडतात. घर थोडं थोडं हलतं आणि भिंतीला घट्ट भिडवलेला दगड मग तडकतो. म्हणून ओटा आणि भिंत यांच्यात दोन-तीन मिलिमीटर फट ठेवून ती सिलिकॉनने भरतो. ती फट पाहून "काम कच्चं राहिलं" म्हणणारे खूप भेटतात. त्यांना बाहेर नेऊन अंगणातली भेग दाखवली, की पटतं.

मापं घ्यायला मात्र मला सगळ्यात जास्त आवडतं. ओटा सरसकट चौतीस इंच करायची पद्धत आहे. आम्ही घरात जी व्यक्ती सगळ्यात जास्त वेळ उभी राहते तिला पोळपाट-लाटणं द्यायला सांगतो आणि खाली विटा रचत जातो. खांदे वर न उचलता पोळी लाटता आली की तेवढी उंची. महाल भागातल्या एका आजींसाठी ती तीस इंच निघाली. चाळीस वर्षं त्या पाटावर उभ्या राहून पोळ्या करत होत्या. वडाभाताच्या मसाल्यासाठी पाटा-वरवंटा हवाच, हा त्यांचा हट्ट होता, आणि तो आम्हाला मनापासून पटला. मागच्या दारालगत त्याला खास जागा केली, म्हणजे वाटण धुतलेलं पाणी तिथूनच बाहेर जातं.

ते पाणी जातं कुठे, हे आता सौ. ठरवते. डाळ-तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी वेगळ्या नळीने सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, आणि पालकाच्या वाफ्यात. भांड्यांचं साबणाचं पाणी दगड-वाळूच्या खड्ड्यातून कर्दळीला आणि केळीला. शुद्धीकरण यंत्रातून फुकट जाणारं पाणी कुंड्यांना नको, कारण सगळे क्षार त्यात एकवटलेले असतात आणि उन्हाळ्यात कुंडीच्या मातीवर पांढरा थर धरतो. ते फरशी पुसायला ठेवा. गोडनिंबाचं, म्हणजे कढीपत्त्याचं, झाड मागच्या दारापासून पाच पावलांवर हवं, हा तिचा नियम. फोडणी तडतडत असताना त्याहून लांब कोणी जात नाही.

संत्र्याचं झाड जवळपास प्रत्येक घराला हवं असतं. नागपूरकरांनी मागावं हे रास्तच आहे. पण लोक ते लॉनच्या मधोमध लावतात, रोज पाणी देतात आणि मग फळ का येत नाही म्हणून विचारतात. संत्र्याला ताण लागतो. थंडीत झाड विसावलं की जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार फुटतो, त्याआधी पाणी तोडावं लागतं. खोडाभोवती पाणी साचलं की मुळं कुजतात, खोडातून डिंक गळतो. म्हणून आळं खोडापासून दूर गोल काढायचं, कलमाचा डोळा मातीच्या वर ठेवायचा आणि पावसाळ्याआधी खोडाला बोर्डो पेस्ट लावायची: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. घरच्या एका झाडाला याचा शंभरावा हिस्साही पुरतो. रोपं खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्या, अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था आहे, आधी तिथे विचारा.

2020 च्या टाळेबंदीत ओट्यांची कामं पूर्ण थांबली. परवानगी मिळाल्यावर आधी फोन आले ते बागेसाठी. गच्चीवर हिरवी जाळी, खाली पालापाचोळ्याचं आच्छादन, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सकाळ-संध्याकाळ पाणी. मिस्त्रींनी त्या काळात उरलेल्या पट्ट्यांच्या रोपपेट्या बनवल्या. कोणाचाच पगार अडला नाही, याचं समाधान मोठं आहे.

मे महिन्यात भिंतीतली ओल दिसत नाही, 45 अंशांत सगळंच कोरडं असतं. म्हणून उन्हाळ्यात पाहिलेलं घर आम्ही पावसात पुन्हा पाहतो. सध्या मानेवाड्यात एक काम असंच थांबवलंय. जुन्या टाइल्स काढल्यात, प्लास्टर खरवडलंय, भिंत उघडी आहे. घरच्या वहिनी गॅलरीत शेगडी मांडून स्वयंपाक करतात आणि कुरकुर न करता आम्हाला चहाही देतात. रविवारी रात्री जोराचा पाऊस झाला. सोमवारी सकाळी सातला मी आत, सौ. बाहेर, दोघांनी एकाच विटेवर दोन्हीकडून हात ठेवून पाहिला. अजून गार आहे. ओटा पोळ्याच्या सणानंतर बसेल.